ह्यांचे चार शब्द

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, आणि ती अवघ्या चार शब्दांत शिकवली. आरशात न बघता कुणी वळलं, की "आंधळ्या". मागून हॉर्न वाजतोय आणि हा आपला रस्त्याच्या मधोमध, की "बहिऱ्या". चुकीचा गिअर पडला, की "खुळ्या". आणि क्लच एकदम सोडल्यामुळे गाडी गचके खाऊन बंद पडली, की "लंगड्या". शिकणारी बाई असली तरी शब्द तेच. स्त्री-पुरुष समानता म्हणतात ती आमच्या गाडीत फार आधी आली होती.

घराखालच्या गॅरेजमध्ये आमची ड्रायव्हिंग स्कूल. एक टेबल, दोन बाकं, कुरकुरणारा पंखा आणि दारात पांढरी गाडी. टेबलाशी मी. अर्ज भरणं, फोटो चिकटवणं, परीक्षेच्या तारखा घेणं आणि रडणाऱ्यांना पाणी देणं ही माझी कामं. रडणारे बरेच असायचे, पण शिकायचे, हे कबूल केलं पाहिजे. ह्यांचे शब्द डोक्यात इतके पक्के बसायचे की परीक्षेच्या दिवशी लोक स्वतःच "आंधळ्या" असं पुटपुटून आरशात बघायचे. एका शाळामास्तरांनी तर परीक्षक शेजारी बसलेला असताना खणखणीत आवाजात "बहिऱ्या" म्हटलं. परीक्षकाने विचारलं, "मला म्हणालात?" मास्तर म्हणाले, "नाही हो, स्वतःला." पास झाले. हा किस्सा हे आल्यागेल्याला सांगायचे. शेवटी मीच एका पुठ्ठ्यावर चार शब्द आणि त्यांचे चार अर्थ ठळक अक्षरांत लिहिले आणि भिंतीला लावले. म्हटलं, तेवढाच ह्यांचा घसा वाचेल.

कुणी तक्रार केली तर ह्यांचं उत्तर तयार असायचं, "अहो, नुसता शब्द आहे. कुणाला लागतो?" एकदा एक गृहस्थ आले होते. पहिल्याच दिवशी शांतपणे म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही. तेवढा एक शब्द नका वापरू." हे म्हणाले, "तुमच्या भावाला कुठे म्हणतोय? त्याला काय मी गाडी शिकवणार आहे?" बाकावरचे सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, चांगली पोट धरून हसले. ते गृहस्थ माझ्या टेबलावरून आपला अर्ज उचलून निघून गेले. पुन्हा काही आले नाहीत.

"हल्ली काही बोलायची सोय राहिली नाही," असं हे त्या दिवसापासून म्हणायला लागले. दिवसातून चार वेळा म्हणायचे, आणि मधल्या वेळात वाट्टेल ते बोलायचे.

मग एके दिवशी नर्सबाई आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला नीटनेटक्या. डाव्या बुटाचा तळ जाडजूड. बसायच्या आधीच म्हणाल्या, "काकू, माझा डावा पाय लहानपणापासून आखूड आहे. क्लचपर्यंत व्यवस्थित पोचतो. हे डॉक्टरांचं पत्र." पत्र नीट दुमडून पाकिटात घातलेलं होतं. अशी पत्रं दाखवायची त्यांना सवय असावी.

त्यांची अडचण सरळ होती. सात वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केल्यावर त्यांना फिरत्या दवाखान्यात जागा मिळत होती. व्हॅन स्वतः चालवत जायचं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, औषधं द्यायची, संध्याकाळी आपल्या घरी. घरी आईही तशीच, एकटी ठेवता न येणारी. जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, पण महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत लायसन्स हवं. नाहीतर ती यादीतल्या पुढच्या बाईला. मी तारखा बघितल्या. त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी परीक्षा मिळत होती. शिकाऊ लायसन्स त्यांनी आधीच काढलेलं होतं. हातात तीन आठवडे होते, भरपूर झाले.

हे आत आले, त्यांनी बुटाकडे पाहिलं, आणि एकदम गोगलगाय झाले. "या ताई, बसा ताई." त्या वर्गाची वेळ ठरवून निघाल्या तशी ह्यांनी भिंतीवरच्या माझ्या तक्त्यावर कॅलेंडर टांगलं. मी बघतच राहिले. एकतीस वर्षांत ह्यांनी घरात एक खिळासुद्धा ठोकला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून गाडीतून आवाजच येईना. एरवी गल्लीच्या टोकापर्यंत ह्यांची शिकवणी ऐकू जायची. आता काय, तर "छान ताई," "उत्तम ताई". आणि गाडीही कशी, एक गचका नाही. गल्लीच्या टोकाला मोठा चढ आहे, भल्याभल्यांची गाडी तिथे मागे घसरते. नर्सबाई पहिल्याच दिवशी तो सरळ चढून गेल्या. मला वाटलं, बाईच्या हातात जन्मजात कसब आहे.

जेवताना ह्यांनी गुपित फोडलं. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. "तिने पाय सोडला की मी माझ्या बाजूने क्लच सांभाळतो. तिला पत्ताही लागत नाही," हे म्हणाले. "उगाच तिच्या पायाचा विषय कशाला काढा? वाईट वाटायचं बिचारीला."

मला ह्यांचं कौतुक वाटलं. म्हटलं, माणूस सुधारला. बढाई मारत नाही, मी शेजारणीलाही तसं सांगितलं.

नर्सबाईंचा तास संपला की कापडाच्या दुकानदाराचा तास असे. त्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहून घ्यायच्या, आणि बाहेरून ह्यांचा आवाज यायचा, "लंगड्या, अरे लंगड्या, सोडलास ना क्लच?" दुकानदार आठवड्याभरात क्लच शिकला. नर्सबाई लिहीत राहायच्या. मी पंख्याचा वेग वाढवायचे, म्हणजे आवाज कमी येईल.

गुरुवारी परीक्षा झाली. गाडी आमचीच होती, फक्त ह्यांच्या जागेवर परीक्षक बसला, आणि परीक्षक काही कुणासाठी क्लच दाबत नसतो. सपाट रस्त्यावर गाडी दोनदा बंद पडली. चढावर तिसऱ्यांदा बंद पडली ती मागे घसरत जाऊन खांबाला टेकली. कागदावर शेरा आला, "क्लचवर ताबा नाही." नापास झालं की आठवडाभर पुन्हा परीक्षा देता येत नाही. सोमवार चार दिवसांवर होता.

दुपारी नर्सबाई तो कागद घेऊन गॅरेजमध्ये आल्या. रडल्या नाहीत, पाणीही नको म्हणाल्या. ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"सर, माझा क्लच कच्चा आहे हे मला आज परीक्षकाने सांगितलं. तुम्ही तीन आठवड्यांत एकदाही बोलला नाहीत."

हे म्हणाले, "ताई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"कशाचं वाईट?"

मी मध्ये पडले. "अगं बाई, ह्यांच्या तोंडात क्लचसाठी एकच शब्द बसलाय. तो तुझ्यासमोर कसा काढणार? त्यांनी आपलं पायाने सांभाळून घेतलं. मनात वाईट काही नव्हतं."

"मला माहितीये तो शब्द. मी रोज त्या बाकावर बसून ऐकत होते." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "शाळेपासून ऐकतेय. तुम्ही म्हणाला असतात तर मला राग आला असता, मी भांडले असते, आणि क्लच शिकले असते. सर, तुम्ही तर सगळ्यांना सांगता, नुसता शब्द आहे, कुणाला लागत नाही. मग मला का नाही म्हणालात?"

"अहो, बाकीच्यांचे पाय धडधाकट होते," हे म्हणाले. अगदी सहज बोलून गेले.

"म्हणजे शिवी त्यांना दिलीत, पण होती ती माझी," नर्सबाई म्हणाल्या. "आणि हे तुम्हाला एकतीस वर्षं ठाऊक होतं."

मला तो भाऊवाला गृहस्थ आठवला. आम्हा दोघांना ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर कॅलेंडर टांगायची गरज काय होती? मी म्हटलं, "चुकलं गं आमचं." म्हणून टाकलं, पण त्याने काही तिचा सोमवार पुढे जाणार नव्हता.

त्या म्हणाल्या, "पंधरा तासांची शिकवणी ठरली होती. माझे दोन तास बाकी आहेत. चला."

हे मुकाट्याने उठले. नर्सबाईंनी गाडी गल्लीच्या टोकाला नेली. मी दारात उभी राहिले. ह्यांनी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली, ते मला काचेतून दिसत होतं. चढावर गाडी बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा पडली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. आतून ओरडा नाही, काही नाही. मी मोजत होते. आठव्या वेळेला गाडी थरथरली, थांबली, आणि न घसरता वर चढली.

संध्याकाळी मी विचारलं, "अखेर काय सांगितलंत तिला?"

"काही नाही," हे म्हणाले. "पाय हळू सोडा म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

मला असा संताप आला म्हणून सांगू. एवढंच होतं तर पहिल्या दिवशी दातखीळ बसली होती का? मी तसं बोलूनही दाखवलं. हल्ली बोलायची सोय राहिली नाही, असंसुद्धा हे म्हणाले नाहीत.

सोमवारी दुपारी नर्सबाईंचा फोन आला. जागा यादीतल्या पुढच्या बाईला मिळाली होती. "तीही तुमच्याकडेच शिकलीये म्हणे, काकू," त्या म्हणाल्या. "मला सांगत होती, सर तोंडाला येईल ते बोलतात, पण क्लच असा बसवतात की जन्मात विसरत नाही."

मी फोन ठेवला. हे जेवत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि ते वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं.