जानरावांच्या नावाआधीचा शब्द

माझे मामा डोमाजी खंडारे अमरावतीत दगडावर अक्षरं कोरायचे. कोनशिला, देणगीदारांच्या पाट्या, घरांची नावं. राजापेठेमागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं आणि संगमरवराची भुकटी सगळीकडे असायची, मामांच्या भुवयांवरसुद्धा. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. पण आजोबांनी कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलून त्यांना एक जाडा इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन दिला होता. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून आजोबांचं एकच सांगणं असे, शब्द पुरता समजून घे, मग तुला कोणी फसवणार नाही. मामांनी तो कोश झिजेपर्यंत वाचला.

त्यामुळे चुकीचा शब्द दिसला की त्यांना राग यायचा आणि फुगवलेला दिसला तर जास्तच. दोन खोल्यांच्या शाळेवर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेलं त्यांना चालत नसे. न्हाव्याच्या दुकानावर ‘अकॅडमी’, नळाच्या दुकानावर ‘पाइप सोल्युशन्स’. “सोल्युशन फक्त पंक्चरवाल्यापाशी असते, संध्या,” ते मला फोनवर सांगायचे, “डबीत.” मी अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून दर रविवारी अशी तक्रार माझ्याकडे यायची. मला हसू यायचं. मामा मात्र हसत नसत.

चांदूर बाजारकडच्या एका गावात नवं सभागृह बांधलं गेलं. जागा दिली होती जानराव गावंडे यांनी, ऐंशीच्या घरातले शेतकरी. दगड निवडायला ते स्वतः दुकानात आले होते. काठीने दोन-तीन शिळा वाजवून पाहिल्या, एक पसंत केली, मामांबरोबर चहा प्यायले. सभागृह समितीचा सचिव होता अंकुर, तिशीतला, गावात कृषी केंद्र चालवणारा. त्याने बाहेर लावायच्या फलकाचा मजकूर दाखवला, ‘ग्रँड इनॉग्रेशनचा भव्य उद्घाटन सोहळा’.

“उद्घाटनाचं उद्घाटन हाय का हे?” मामांनी विचारलं. दुकानात बसलेली माणसं खदखदून हसली. अंकुरचा चेहरा उतरला.

दोन दिवसांनी तो दगडाचा मजकूर घेऊन आला. पाटी अख्खी इंग्रजीत हवी होती. जानरावांच्या नावाआधी एक शब्द होता, लेट. म्हणजे कैलासवासी.

मामांनी चष्मा वर केला. “हे नाव...”

“मामा, तुमी फक्त कोरा,” अंकुर म्हणाला. “एक अक्षर इकडचं तिकडं नको. शब्द आमचे हायेत.”

मामांनी चष्मा खाली घेतला आणि कागद ठेवून घेतला. पडदा उघडेल, गाव हसेल, आणि या पोराला कायमची अक्कल येईल, असं त्यांच्या मनात आलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, खाली बघत. इंग्रजीतल्या टोकदार अक्षरांपाशी संगमरवर हमखास टवका सोडतो. त्या दिवशी ती चार अक्षरं एकही टवका न उडता उतरली. छिन्नी धरायचीसुद्धा गरज नव्हती, असं वाटलं त्यांना.

उद्घाटनाला मामा मुद्दाम गेले. सकाळी अकराला पडदा ओढला. कोणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पाहुण्यांनी भाषणात म्हटलं, “जानरावांची आठवण या गावात कायम राहील.” जानराव तिथेच पहिल्या रांगेत बसले होते. शाल घ्यायला ते उठले, तेवढ्यात त्यांच्या खुर्चीवर दुसरंच कोणीतरी बसलं. परत आले तर जागा नाही. शेवटपर्यंत ते भिंतीला टेकून उभे राहिले, खांद्यावर शाल, गळ्यात हार. दीडशे माणसांत कोणी त्यांना बसा म्हटलं नाही. मामांना उठावंसं वाटलं, पण ते उठले नाहीत. नंतर जेवणाच्या पंगतीत ते जानरावांना शोधत होते. तोवर जानराव एकटेच घरी निघून गेले होते.

आठ दिवसांनी भर दुपारी जानराव दुकानात आले. स्टुलावर बसले. मामांनी चहा सांगितला, त्यावर साय धरली तरी त्यांनी पेला उचलला नाही.

“डोमाजी, माया नावाआधी तो शब्द हाय, त्याचा अर्थ काय हो?”

आयुष्यभर दुसऱ्यांना अर्थ सांगत आलेल्या मामांनी छिन्नी पुसायला घेतली. “उशीर,” ते म्हणाले.

“उशीर? कशाले?”

मामांनी पेला त्यांच्याकडे सरकवला.

“नाई, इचारलं आपलं,” जानराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “पाटी लागली तवापासून काही समजून नाही रायलं मले. सून ताटं वाढते, एक कमी वाढते. मी पुढं बसलो का मंग म्हणते, अगंबाई, आबा. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. आज एसटीत कंडक्टर तीनदा माया बाजूनं गेला, पण मले इचारलंच नाही. मीच आवाज देल्ला, तं दचकला.”

एवढं बोलून ते उठले आणि काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी गेले. तिथे एक रिक्षा त्यांच्या अंगावर येता येता थांबली. रिक्षावाला म्हणत होता, “दिसलेच नाही हो बाबा.”

मामांनी त्याच दुपारी मला फोन केला आणि सगळं सांगितलं. मी समजावलं, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटत नाही, घरातही असंच होतं, त्याचा शब्दाशी काय संबंध? बोलताना माझा आवाज मला खोटा वाटत होता.

“मी त्याले जित्तेपणी कोरलं, संध्या,” मामा म्हणाले. “मालूम असून.”

“मग उद्याच जा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते गेले. पिशवीत राळ, संगमरवराची भुकटी आणि घासायची लोखंडी पत्री. जानराव अंगणात बाजेवर बसले होते. मामांनी त्यांचे पाय धरले. अंकुरला धडा शिकवायच्या रागात आपण कोरलं आणि वर अर्थही खोटा सांगितला, हे सगळं बोलून टाकलं.

जानरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मले मालूम होतं. माई नात, पौर्णिमा, तिनं पयल्याच दिवशी वाचून सांगतलं. तुमी काय सांगता, ते पाहाले आलतो मी.”

मामांना वाटलं, ते आता रागावतील. ते रागावले नाहीत, नुसते पाहत राहिले. ती नजर आपल्यावर होती की आपल्या मागच्या भिंतीवर, हे कळलं नाही, असं मामा सांगतात.

सभागृहात अंकुर किल्ली घेऊन आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. “अमरावतीच्या हॉलमंदी सगळ्या मोठ्या देणगीदारांच्या नावाआधी लेट हाय, मामा. मले वाटलं, ‘सर’सारखं मानाचं असन काही.” खरा अर्थ ऐकल्यावर तो खाली बसला आणि रडायला लागला.  मामांनी राळेत भुकटी कालवून ती चार अक्षरं बुजवली, घासून सपाट केली. कोरलेलं पुसता येत नाही, फक्त बुजवता येतं. मामांनी नवीन दगड स्वतःच्या खर्चाने देतो म्हटलं, पण जानरावांनी नाही म्हटलं. “एका माणसाचं नाव दोनदा कोरू नये.”

मे महिन्यात मीही मामांबरोबर तिथे गेले होते. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने राळ पिवळी पडली होती. पांढऱ्या दगडावर ती चार पिवळी अक्षरं दारातूनच वाचता येत होती, बाकीच्या मजकुराच्या आधी. जानराव आमच्या शेजारीच उभे होते. मी त्यांना नमस्कार केला, दोन वाक्यं बोलले आणि पाटीकडे वळले. परत मागे पाहिलं तर ते अजून तिथेच होते, आणि ते आहेत हे मी मधल्या वेळात पार विसरून गेले होते. आजही हे लिहिताना मला लाज वाटते.

मागच्या पौषात जानराव गेले. दुपारचं जेवण झालं, उन्हात बाजेवर बसले आणि बसल्या जागी गेले. सुनेला तासाभराने कळलं. वय झालं होतं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पाटी लागल्यापासून पावणेदोन वर्षं ते जगले होते. मामा तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी भेटून आले. अंकुर त्यांना सभागृहापर्यंत सोडायला आला, पाटीकडे पाहून भाबडेपणानेच म्हणाला, “आता बरोबर झाली, मामा. आता तिले हात लावाचं काम नाही.”

मामा तिथून चालतच एसटी स्टँडवर आले.

त्यानंतर त्यांनी अक्षरं कोरली नाहीत. रविवारचा फोन येतो, पण शब्दांची तक्रार नसते. मीच एकदा मुद्दाम एक चुकीची पाटी वाचून दाखवली, तर म्हणाले, “असू दे. त्याइचं त्याइले.” दुकान चालू आहे. गल्लीतल्या बाया पाटे-वरवंटे घेऊन येतात आणि मामा त्यांना टाकी लावून देतात. दुपारभर दगडावर बारीक खड्डे पाडत बसतात, एकसारखे, ओळीने.