भातानंतर काय लावायचं

आमच्या घरात शेतीवर सगळ्यात जास्त बोलतात ते काका. ते शिवाजी पार्कला तिसऱ्या मजल्यावर राहतात, जन्मभर कंपन्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेत आणि गावी गेले की गाडीतून उतरण्याआधी खाली चिखल आहे का ते बघतात. अलिबागकडे आमचं भाताचं एक शेत आहे. आजोबांनंतर ते तिघा भावंडांच्या नावावर आलं. थोरली आत्या लालबागच्या चाळीत, मधले काका, आणि धाकटे माझे बाबा परळला. शेत कसतो गावातला एक लांबचा चुलतभाऊ, अर्धलीनं, म्हणजे पिकेल त्यातलं अर्धं त्याचं. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादाचं धोरण सोपं आहे: गेल्या वर्षी शेजाऱ्याला ज्यात पैसे सुटले ते या वर्षी आपण लावायचं. काकांचंही धोरण तेच, फक्त ते त्याला मार्केट ट्रेंड म्हणतात.

पावसाळ्यात भात. त्यावर कोणी भांडत नाही, कारण तुंबलेल्या पाण्यात दुसरं काही उभंच राहत नाही आणि भातात कोणाला फार सुटतही नाही. भांडण होतं ते भात कापल्यावर त्या जमिनीत काय लावायचं यावरून. त्यासाठी दसऱ्याच्या दुपारी आत्याच्या खोलीत बैठक बसते. दादरच्या बाजारातून झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या विकत आणून आम्ही त्या दाराला बांधतो आणि मग आत बसून स्वतःच्या भातशेतीवर चर्चा करतो. यात कोणालाही काही विचित्र वाटत नाही. बैठकीला मला बोलावतात ते मी फोर्टातल्या एका विमा कंपनीत नोकरी करते म्हणून. अख्ख्या खानदानात धोका या विषयाचा पगार घेणारी मी एकटीच.

पूर्वी भातानंतर वाल ठरलेला असे. कापणी झाली की जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल टाकायचा आणि विसरून जायचं. त्याला पाणी नको, खत नको, लाड तर मुळीच नकोत. वर मुळांतून जमिनीला काही तरी देऊनच जातो, त्यामुळे पुढच्या भाताला युरिया कमी लागतो. वाईट एवढंच की पैसेही तो बेताचेच देतो. आणि जानेवारीत शेंगा भरल्या की आमची पोपटी व्हायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. तोंड बंद करून मडकं शेतातच उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. त्या दिवशी सगळे झाडून हजर असत. काकासुद्धा, जुने बूट घालून.

मग शेजारच्या शेतकऱ्याला पांढऱ्या कांद्यात बरे पैसे मिळाले. दादानं फोन केला, काकांनी बैठकीत ट्रेंड समजावून सांगितला आणि बाबांनी मान हलवली. बाबांची मान कोणीही हलवू शकतं, फक्त शेवटी बोलायला हवं. पहिल्या वर्षी कांदा झकास झाला. काकांनी कांद्याच्या माळा गॅलरीत अशा टांगल्या की खालून फिरायला जाणाऱ्यांना दिसल्याच पाहिजेत. दुसऱ्या वर्षी अर्थात सगळ्या पंचक्रोशीनं कांदाच लावला. भाव बसला, उरलंसुरलं अवकाळी पावसानं भिजवलं आणि सडायच्या आत खपवा म्हणून पोती मुंबईला आली. मी गिरगावात राहते. आमच्या मजल्यावरच्या बायका मला कांद्याची पिशवी घेऊन येताना बघून दारं लावायला लागल्या. काका म्हणाले, "पीक चुकलं नाही, टायमिंग चुकलं."

या दोन वर्षांत पोपटी झाली नाही. शेतात वाल नाही, तर शेंगा कुठल्या? आत्यानं दोनदा विषय काढला तेव्हा काकांनी तोडगा काढला. दादरहून शेंगा आणल्या, भांबुर्डा मिळाला नाही म्हणून कुंडीतली ओव्याची पानं घातली आणि सगळं कुकरला लावलं. तीन शिट्ट्या. झाकण उघडल्यावर जे निघालं त्याला पोपटी म्हणणं हा पोपटीचा अपमान आणि काही नाही म्हणणं हा काकांचा. "चव तीच आहे," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या पानात फक्त अंडं घेतलं. बाबांनी भिडेखातर दुसऱ्यांदा मागून घेतलं. आत्यानं एकेक शेंग उचलून पानाच्या कडेला रांगेत लावली, आणि आत्या अशा रांगा लावायला लागली की मला भीती वाटते.

पुढच्या दसऱ्याच्या आधी तिनं मला लालबागला बोलावून घेतलं. "तुझा काका या वर्षी कलिंगड आणणारेय बैठकीत," ती म्हणाली. "पार्कात त्याच्या शेजारी बाकावर बसणाऱ्या कुणाच्या तरी भाच्यानं लावलंय म्हणे. मला वाल हवाय. पण मला हवाय म्हणून कोण ऐकणार? तू तुझ्या ऑफिसातलं काहीतरी दे."

मी दिलं. आयुष्यात गोदामांच्या आगीचे धोके मोजले, त्यापेक्षा हे काम कितीतरी मजेचं होतं. कलिंगडाला ऐन फेब्रुवारीत पाणी लागतं आणि आपली विहीर तेव्हा तळ दाखवते. बियाणं, आच्छादनाचा कागद, औषध, सगळा खर्च आधी आणि भाव शेवटी, तोही सगळ्यांची कलिंगडं एकदम बाजारात आली की कोसळणारा. उलट वालात आत काही घालायचंच नाही, तर बुडणार काय? आणि मुख्य मुद्दा फेरपालटीचा: कांद्यासारखंच कलिंगडही जमिनीकडून नुसतं घेणारं, आणि एकाच जमिनीतून तसंच पीक परत परत काढलं तर जमीन थकते, रोग घर करतात. आत्यानं सगळं तोंडपाठ केलं. चाळीतल्या चार बायकांवर तालीमही करून झाली. त्यातल्या एकीनं घाबरून विचारलं की तुम्ही निवडणुकीला उभ्या राहताय का?

बाबांचं मत मात्र नुसत्या शास्त्रावर सोडणं धोक्याचं होतं. म्हणून मी ऑफिस सुटल्यावर कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेले आणि चांगले सुके बोंबील घेऊन आले. नवरात्रभर बाबा मासे खात नाहीत. बैठकीच्या दिवशी आत्यानं एवढंच सांगितलं, "बोंबलाची चटणी करून ठेवलीय. उद्या सकाळी डबा घेऊन जा. म्हणजे, सगळं नीट पार पडलं तर."

काकांनी कलिंगड मांडलं. मोबाइलवर फोटोही दाखवले. मग आत्या बोलायला लागली आणि काकांचा चहा हातातच निवला. जमिनीचा कस, खर्चाचा धोका, पाण्याचा धोका, भावाचा धोका, सगळं क्रमानं. शेवटी तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "फेरपालट हवी रे. तेच तेच पीक घेणं हा अडाणीपणा आहे." काकांनी माझ्याकडे बघितलं. मी झेंडूचं तोरण नीट करत होते. बाबांनी चटणीच्या बरणीकडे बघून वालाला मत दिलं.

त्या जानेवारीत पोपटी झाली. मडकं फोडल्यावर जी वाफ आली, तिच्याभोवती आम्ही सगळे दाटीनं बसलो. सगळ्यात जास्त शेंगा काकांनी खाल्ल्या, आणि खाताखाता प्रत्येकाला सांगितलं की कांद्याचा भाव या वर्षी नेमका चढलाय. चढला होताच. मागच्या वर्षी पोळलेल्यांनी कांदा सोडला, म्हणून ज्यांनी धरला त्यांचं फावलं. पुढे पावसाळ्यापर्यंत काकांनी फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी कांद्याचा भाव टाकला. सोबत काही लिहायचे नाहीत. फक्त भाव आणि खाली हात जोडलेले.

यंदाच्या दसऱ्याला आम्ही निर्धास्त होतो, आणि तीच आमची चूक. काका आले, सोनं दिलं, सगळ्यांच्या आधी खुर्ची पुढे ओढली आणि गोड आवाजात म्हणाले, "ताई, तू गेल्या वर्षी फार मोलाचं बोललीस. मी वर्षभर विचार केला. तेच तेच पीक घेणं अडाणीपणा आहे. गेल्या खेपेला आपण वाल लावला. तेव्हा या खेपेला वाल कसा लावणार? फेरपालट हवी. कांदा."

हा मुद्दा मीच घडवून, घासूनपुसून आत्याच्या हातात दिला होता, आणि काकांनी तो वर्षभर सांभाळून ठेवून आज तिच्यावरच उगारला. खरं तर मला त्यांचं कौतुकच वाटलं, आणि रागही आला. बाबा मान हलवायला लागले होते. या वेळी बरणीही नव्हती.

आत्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ती काकांकडे बघत होती.

"लाव कांदा," ती म्हणाली. "जमिनीचा कस, पाणी, भाव, ते सगळं हिनं शिकवलेलं होतं. खरं असेल. मला त्यातलं काही नको होतं. वाल असला की तुम्ही शेतावर येता, म्हणून वाल हवा होता. कांदा काढायला कोण येतं?"

काका जरा चिडूनच म्हणाले, "अगं, मग सरळ बोलवायचं ना! त्याला वाल कशाला लागतो?"

"बोलावलं होतं," आत्या म्हणाली. "कांद्याच्या दोन्ही वर्षी. पहिल्यांदा तू म्हणालास, काय आहे तिकडे आता. दुसऱ्यांदा कुकर लावलास."

काकांचा चेहरा पडला. मी त्यांना हिशेबात चुकताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि बाबांना उगाच म्हणाले की पंखा जोरात कर. बाबांनी पंखा केला. मला तेव्हा आमची सगळ्यांचीच लाज वाटली. मी स्वतः त्या दोन वर्षांत एकदाही तिकडे फिरकले नव्हते, आणि त्याचं खापर मला कांद्यावरही फोडता येत नव्हतं.

मग काकांनी दादाला फोन लावला. स्पीकरवर. "हे बघ, कांदा लावायचा. पण सगळीकडे नाही. विहिरीच्या बाजूचा एक पट्टा वालाला सोड." दादा म्हणाला, "एवढ्याशा वालात काय सुटणार?" काका म्हणाले, "काही सुटणार नाही. तू सोड." मग आमच्याकडे वळून, जणू हे मुळात त्यांच्याच डोक्यात आधीपासून होतं अशा थाटात त्यांनी समजावलं, की दोन पिकं असली म्हणजे एकाचा भाव पडला तरी दुसरं हाताशी राहतं. माझ्याच ऑफिसातलं वाक्य होतं ते, पण आज त्यांना वापरू दिलं.

परवा पोपटी झाली. शेतात सगळीकडे कांद्याची हिरवी पात आणि विहिरीकडे वालाचा तेवढाच पट्टा. शेंगा कमी होत्या, त्यामुळे काकांना शेवटच्या मूठभर शेंगांसाठी बाबांशी अक्षरशः झटापट करावी लागली. हात धुतल्यावर ते काठी घेऊन शेताच्या मध्यात गेले आणि आत्याला हाक मारली. बुटाला चिखल लागला होता, पण त्यांनी खाली बघितलं नाही.

"हा यंदाचा पट्टा," काठीनं दाखवत ते म्हणाले. "पुढच्या वर्षी वाल इथे सरकेल, म्हणजे कांद्यानं थकलेली जमीन जरा सावरेल. त्याच्या पुढच्या वर्षी इथे."

"त्याच्या पुढच्या?" आत्यानं विचारलं. तिची पंचाहत्तरी उलटलीय.

काका आणखी पुढे गेले. "इथे. मग तिथे. मग त्या शेवग्यापाशी."

"आणि कुंपण आलं की?"

"मग परत विहिरीपासून. फेरपालट म्हणतात त्याला. तूच शिकवलंस."

आत्यानं विहिरीपासून कुंपणापर्यंत एकदा नजर फिरवली, मनातल्या मनात पट्टे मोजल्यासारखी.

"मग तेवढी वर्षं टिकायचं तर पार्कात जरा चाल," ती काकांना म्हणाली. "नुसता बाकावर बसू नकोस."