तांबड्या पोटाचे मासे

व्हर्ना गंडरसनचा कुणावरच विश्वास नव्हता. गळ टाकणाऱ्या बाईचा तो असूही नये. विस्कॉन्सिनमधल्या त्या तळ्यावर, कमळांच्या पलीकडे, तिची एक जागा होती. नवरा गेला त्या उन्हाळ्यात तिला ती सापडली, आणि तिने ती पोटच्या पोरींनाही सांगितली नव्हती.

एका सकाळी शेजारच्या लाइल हेप्नरच्या बादलीत तिने डोकावून पाहिलं. ब्लूगिल मासे होते. ते ओळखायला अक्कल लागत नाही : कल्ल्यामागे कानाच्या पाळीसारखा काळा कान, पाठीवरच्या परावर मागे काळा डाग. कानाच्या कडेला तांबडा ठिपका असला तर तो पंपकिनसीड, निराळा मासा. पण तळ्यातले बाकी ब्लूगिल फिकट, आणि हे काळपट, पोट तांब्याच्या घागरीसारखं. असे फक्त तिच्या जागी मिळत.

"कुठे लागले रे?"

"पाण्यात," लाइल म्हणाला.

बस्स, तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. नवरा गेल्यापासून दर शुक्रवारी ती आणि लाइल खानावळीत एकाच टेबलावर तळलेला मासा खात. त्या शुक्रवारी तो बोलवायला आला, तर ही दारातूनच कडाडली, "चोराच्या पंगतीला मी बसत नाही!" लाइलने टोपी सारखी केली आणि तो निघून गेला. त्या रात्री ती घरी एकटीच जेवली. घास उतरत नव्हता, पण हट्ट सुटत नव्हता.

मग ती होडी घेऊन जागेवर पहाऱ्यालाच बसली. गळ खाली कशात तरी अडकला. चिकटपणा अंगातच, दोरी तोडवेना. तिने नांगर अडकवून ओढलं, तर शेवाळलेलं नाताळचं झाड वर आलं. बुंध्याला तार, तारेला सिमेंट भरलेला रंगाचा डबा. कुणीतरी हिवाळ्यात ते गोठलेल्या तळ्यावर ठेवलं होतं, बर्फ वितळला की बुडावं आणि माशांना आसरा व्हावा म्हणून. डब्यावर बेडकासारख्या हिरव्या रंगाचे ओघळ होते. काठावर त्या रंगाची ओसरी एकच, लाइलची. ती रंगवली तेव्हा व्हर्नाचा नवरा जिवंत होता. दोघांनी मिळून लाइलची टर उडवली होती.

इतकी वर्षं कुणाच्या जागेवर कोण बसत होतं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शुक्रवारी ती खानावळीत गेली. लाइल नेहमीच्या टेबलावर होता, समोरची खुर्ची रिकामी.

"काय गं, चोर सापडला?"

"सापडला," व्हर्ना खाली बघत म्हणाली. "होडीत एकटीच होती."

लाइलने तळलेल्या माशांची थाळी तिच्याकडे सरकवली. "खा. तुझ्याच जागेवरचे आहेत."