भिंत पंगतीतून गेली

मागच्या रविवारी रावेरजवळच्या एका गावात मी लॅपटॉप टीव्हीला जोडून बसले होते. समोर नाना आणि अक्का, आणि मोबाईलच्या व्हिडिओ कॉलवर पुण्याहून त्यांचा मुलगा पंकज. त्यांच्या शेतातल्या घराचं डिझाईन दाखवायचं होतं, आणि आज नानांकडून 'हो' घेतल्याशिवाय उठायचंच नाही असं मी ठरवून गेले होते.

कारण नाना कितीतरी महिने एकच शब्द बोलत होते... "बघू." प्लॅन दाखवला, बघू. बदलून दाखवला, तरी बघू! पुण्यातली नोकरी सोडून जळगावात स्वतःचं आर्किटेक्टचं ऑफिस टाकल्यावरचं हे माझं पहिलं मोठं काम, आणि ते त्या एका शब्दावर लटकलेलं. जीव टांगणीला लागला होता, पण चेहऱ्यावर दाखवेन ती मी कसली.

माझं निदान पक्कं होतं. नानांना नकाशा कळत नाही. आयुष्यभर केळी पिकवलेल्या माणसाला कागदावरच्या रेघा काय सांगणार? त्यांना त्यांची जमीन दिसली पाहिजे.

म्हणून कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये त्या नेहमीच्या करड्या जमिनीऐवजी खऱ्या शेताचा फोटोच अंथरायचा ठरवला. मोजलेल्या लेव्हल्सवरून आधी जमिनीचे चढउतार तयार करायचे, मग वरून काढलेला फोटो त्यावर चादरीसारखा पसरायचा. सांगायला सोपं हो... पहिल्यांदा माप अंदाजाने दिलं तर केळीचं एकेक पान ओट्याएवढं आलं! मग शेतातल्या शेडची टेपने मोजलेली लांबी धरून फोटो बसवला. विहीर विहिरीवर, बांध बांधावर. असा फिट्ट बसला की मी माझीच पाठ थोपटून घेतली.

त्या फोटोचीही एक गंमत आहे. गेल्या थंडीत मोजणीला गेले तेव्हा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून ड्रोन आणला होता, आणि नेमकी त्याच दिवशी शेतात भरीत पार्टी! कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, गरम पुऱ्या... आणि केळीच्या पानांवर बसलेली दोन्ही घरं. म्हणजे नानांचं, आणि शेजारचंच शेत असलेल्या त्यांच्या धाकट्या भावाचं, आबांचं.

अक्का मला हाका मारमारून दमल्या, पण मी टेप घेऊन शेतभर हिंडत होते. शेवटी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. तर ती सगळी पंगत फोटोत आली. माणसं पुसून टाकता आली असती... म्हटलं राहू दे, घरच्यांना मजा वाटेल.

आणि वाटलीच! अक्का टीव्हीजवळ जाऊन एकेकावर बोट ठेवायला लागल्या. "हे आबाचं टक्कल! अन् ही तं मीच बसेल आहे..." नानासुद्धा हसले. मी मनात म्हटलं, काम फत्ते.

मग मी मॉडेलमधली एकेक गोष्ट पडद्यावर चालू करत गेले. घर आलं, ओटा आला, गाडीची जागा आली. नाना मान डोलवत होते. शेवटी राहिली कंपाउंडची भिंत.

ती भिंत म्हणजे पंकजचा हट्ट. नाना आणि आबांच्या शेतामधल्या बांधावरून सरळ, सहा फुटी. बांध आता नावालाच उरलाय, पण पंकजचं म्हणणं, आज सगळं गोड आहे, उद्याचं कोणी सांगितलंय?

भिंत चालू केली... आणि ती बरोब्बर पंगतीच्या मधून उभी राहिली.

पंगत बांधावरच्या कडूनिंबाखाली बसली होती ना. अर्धी या शेतात, अर्धी त्या शेतात. भिंतीच्या अलीकडे अक्का, पलीकडे त्यांची जाऊ.

नानांनी उगाच टीव्हीचा रिमोट हातात घेतला आणि परत ठेवला. मी मनात म्हटलं, गेलं काम. पुसायला हवी होती गं बाई माणसं!

तेवढ्यात मोबाईलवरून पंकजने विचारलं, "मॅडम, जरा झूम करा. आबाकाकांच्या शेजारी तो निळ्या शर्टातला कोण?"

"कोन म्हनजे? तूच नं!" अक्का म्हणाल्या. "लहानपनापासून काकाच्याच बाजूले बसतो तू."

पंकज हळूच म्हणाला, "म्हणजे मीच भिंतीपलीकडे राहिलो की."

आणि नाना पहिल्यांदा 'बघू' सोडून काही बोलले. "घर तू बांधतो, मंग तुले या भिंतीसाठी नाही कसं म्हनू... याच इचारात होतो मी." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"काढा मॅडम ती भिंत," पंकज म्हणाला. एका क्लिकमध्ये गेली. घराचा ओटा मी तिथल्या तिथे निंबाकडे वळवून दाखवला, आणि नाना म्हणाले, "आता घाला पाया."

घरी येताना गाडीत लक्षात आलं, नानांना नकाशा पहिल्या दिवसापासून कळत होता. ती भिंतीची रेघ तर सगळ्यात आधी कळली होती. माझं निदान सपशेल चुकलं... पण औषध लागू पडलं, त्यामुळे मी जाम खूश आहे!

निघताना अक्कांनी केळीच्या वेफर्सची पिशवी हातात कोंबली. "थंडीत भरीताले येजो. अन् तो टेप घरीच ठेवजो, पंगतीत बसून खाय."

येते अक्का, नक्की येते. माझं पान मांडून ठेवा... कुठल्याही बाजूला चालेल.