अक्काचे तीन माठ

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण मनातून जात नाही तो धुळ्यातला एक तपास, ज्यात मी कोणालाही अटक केली नाही.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा धुळ्यात फौजदार होतो. शहरात पटकीची साथ होती, म्हणून नळाच्या पाण्यात जंतुनाशक पूड वाढवली होती. पाण्याला असा उग्र वास येई की तोंडाशी नेलेला पेला लोक खाली ठेवत.

एका सकाळी हजेरी चालू असताना खबऱ्याने बातमी आणली. एक विधवा म्हातारी नळाच्या पाण्यात काळी भुकटी घालते आणि ते पाणी शेजारणींनाही देते. त्यातली एक उलट्यांनी आजारी पडली होती.

"साहेब, लोक तिला गल्लीतून हाकलायला निघालेत," तो म्हणाला.

दोन शिपाई घेऊन मी गेलो. दारात गर्दी होती. आत लाकडी घडवंचीवर एकावर एक तीन माठ. वरच्यात काळी भुकटी, मधल्यात वाळू, दोन्हींच्या बुडाला बारीक छिद्र, आणि खालच्या माठात थेंब थेंब पाणी पडत होते. पंच बोलावून पंचनामा केला. भुकटीची पुडी सील करून सरकारी दवाखान्यात पाठवली.

म्हातारीला सगळे अक्का म्हणत. मी तासभर विचारले, ती गप्प. खोटे बोलणारा माणूस सहसा फार बोलतो किंवा रडतो. हिने दोन्ही केले नाही. शेवटी मी म्हणालो, "मग सुनेचा जबाब घ्यावा लागेल." सून गरोदर होती, आतल्या खोलीत बसलेली. अक्काने एकदम माझी बाही धरली.

"भाऊ, तिले काही इचारू नका. माले ठाण्यावर लई चाला."

माझा संशय बळावला. दोघी मिळालेल्या आहेत असेच मला वाटले.

दुपारी डॉक्टरांची चिठ्ठी आली. भुकटी म्हणजे बाभळीचा कोळसा, त्याने पाण्यातला औषधाचा वास निघून जातो. औषधाने आधीच आपले काम केलेले असते, तेव्हा माठ झाकून ठेवून पाणी त्याच दिवशी प्यायले तर अपाय नाही. आजारी बाईला शिळ्या अन्नाची बाधा झाली होती.

कागदोपत्री प्रकरण मिटले. तरी मी परत गेलो. गर्दी मागे रेटून शिपायांना गल्लीच्या तोंडाशी थांबवले आणि टोपी काढून तिच्या ओट्यावर बसलो.

"अक्का, कोळसा घालणे गुन्हा नाही. मग घाबरलात कशाला?"

बऱ्याच वेळाने ती बोलली. मागल्या साथीत थोरल्या सुनेला नळाचे पाणी घशाखाली उतरेना. अक्का वैतागून तिला म्हणाली होती, मग नदीचे पी. ती पांझरा नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचे पाणी पिऊ लागली आणि पटकीने गेली. धाकटी सून तिचीच सख्खी बहीण. आता तीही नळाचे पाणी टाळू लागली होती. अक्काचा नवरा रेल्वेत पाणी भरायचा. साहेबाच्या बंगल्यात कोळशाचे माठ असतात, हे त्याने कधी तरी सांगितलेले होते; ते आठवून तिने हे माठ मांडले.

"मीच तिले नदीवर धाडी, भाऊ. हाई पोरले ते ठाऊक नई." माझ्या प्रश्नांतून सुनेला ते कळेल, हीच तिची भीती होती.

मागे दार वाजले. धाकटी उंबऱ्यात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. अक्काने पदरात तोंड लपवले.

"माय," ती म्हणाली, "माले ठाऊक शे. ताईनी जाताना सांगेल व्हतं. तिना मनम्हा राग नव्हता."

मग तिने खालच्या माठातून तांब्या भरला आणि सासूच्या ओठांना लावला. दुसरा माझ्या हातात दिला. तो घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि गर्दीसमोर उभ्याने रिकामा केला. कसलाच वास नव्हता. लोक पांगले.

रोजनाम्यात मी 'तक्रारीत तथ्य नाही' एवढेच लिहिले. अक्काने जे सांगितले त्याला कुठलेच कलम नव्हते, आणि ते लिहून ठेवायला माझा हातही धजला नाही. त्या दिवसापर्यंत गप्प बसलेला माणूस मला गुन्हेगार वाटे. पुढे जबाब घेताना कोणी असा गप्प बसला, तर मी आवाज चढवण्याआधी त्याला पाणी देत असे आणि वाट पाहत असे. हाताखालचे शिपाई हसत. मी त्यांना कारण कधी सांगितले नाही.