सावळेरामशेठच्या लेकीची बोटं

अवसरी बुद्रुकला मुलगी बघायला आले तेव्हा सावळेरामच्या मामांनी एवढंच सांगितलं होतं, की पोरगा धंद्यात आहे, जत्रांमधून दुकान लावतो. इंद्रायणीच्या वडिलांना वाटलं, भांड्यांचं नाहीतर खेळण्यांचं असेल. मुलगा निरगुडसरचा, घरची चार एकर बागायत, अंगात पांढराशुभ्र शर्ट, बोलायला गोड. चौऱ्याऐंशी साली लग्न झालं आणि पहिल्याच जत्रेला इंद्रायणीला कळलं, की दुकान सोरटाचं आहे. चित्रांचा तक्ता मांडायचा, लोकांनी चित्रांवर पैसे लावायचे, एका चित्रवाल्यानं जिंकायचं आणि बाकीच्यांनी घरी जाऊन बायकोशी भांडायचं.

ती रडली तेव्हा सावळेराम हसला. "अगं, मी कुणाच्या खिशात हात घालतो का? आपल्या हातानं काढून देत्यात. आन् जिंकला त्याला मी तिथल्या तिथं देतो, हसत देतो. दुसरा कोण देतो दाखव मला."

ते मात्र खरं होतं. जिंकलेल्याचे पैसे त्यानं कधी दाबले नाहीत, कधी उद्यावर टाकले नाहीत, आणि याच एका गुणावर त्याचं सगळं राज्य उभं राहिलं. सोरटावरून तो मटक्यात गेला. मुंबईहून रोज दोन आकडे फुटायचे, संध्याकाळी ओपन आणि रात्री क्लोज. लोकांनी त्यातला एक आकडा लावायचा, नाहीतर दोन्ही मिळून जोडी. नारायणगावच्या बाजारात पहिली टपरी लागली, मग मंचर, ओतूर, आळेफाटा, घोडेगाव. हायवेच्या लॉजवर वरच्या मजल्यावर रमीचा क्लब निघाला, शाळेच्या वाटेवर व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली. दोन हजार साल उलटलं तशी काचेच्या दारांची ऑनलाइन लॉटरीची दुकानं आली, आत एसी, बाहेर चपलांचा ढीग. परमिट रूम झाली, पेट्रोल पंप झाला, एका तमाशाच्या फडात भागी झाली. वारूळवाडीत तीन मजली बंगला उठला. जुन्नर-आंबेगावात ज्या देवळाचा जीर्णोद्धार होईल तिथल्या संगमरवरी पाटीवर सावळेरामशेठचं नाव वरून पहिलं नाहीतर दुसरं असायचं. लोक म्हणायचे, "शेठ म्हंजे देवमाणूस. जिंकून दाखव, लगेच देतो." जिंकत किती जण होते, हे कुणी विचारत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली प्राची झाली. तिनं मान उशिरा धरली, पाय उशिरा टाकले आणि शब्द काही फुटला नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की ऐकू येतं, थोडं समजतं, पण बोलणार नाही आणि वयाच्या मानानं लहानच राहील. घरी आल्यावर सावळेरामनं पोरीला मांडीवर घेतलं आणि तिला स्वतःच्या हातानं वरणभात भरवला. तो तिच्यावर माया करत नव्हता असं इंद्रायणी कधीच म्हणू शकली नाही.

पोरीशी बोलायचं कसं, याचा मार्ग इंद्रायणीनं काढला. एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे जेवण, तीन म्हणजे मोरीत जायचंय. सगळा पंजा उघडला की जवळ घे. एवढं शिकायला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी प्राचीनं न सांगता एक बोट वर केलं आणि पाणी पिऊन झाल्यावर खुदकन हसली, त्या दिवशी इंद्रायणीनं अख्ख्या आळीत पेढे वाटले.

सत्याण्णव सालच्या चैत्रात गेणभाऊ सकाळी चहाला आला. हा सावळेरामचा सोरटापासूनचा सोबती, आता आकड्यांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांचा मुकादम. प्राची नऊ वर्षांची होती, ओट्यावर बसली होती. तिनं आईकडे बघून दोन बोटं दाखवली आणि लगेच एक.

"काय म्हणती वो वहिनी?"

"भूक लागलीय, भाऊजी. आणि पाणी हवंय."

"दोन आन् एक," गेणभाऊ बशीत फुंकर घालत म्हणाला. "एकवीस. चला, लावून बघू."

त्या रात्री एकवीस लागली. गेणभाऊनं गंमत म्हणून ती गोष्ट बाजारात सांगितली आणि चार दिवसांत गंमत उरली नाही.

मटक्याच्या माणसाला आकडा कुठूनही मिळतो. स्वप्नात साप दिसला तरी त्याचा आकडा असतो, वेड्यानं दगड फेकला तर तो कितवा ते मोजतात. इथे तर खुद्द शेठची मुकी पोर बोटं मोजून दाखवत होती. सकाळी फाटकाशी माणसं उभी राहायला लागली. कुणी चॉकलेट आणायचं, कुणी रिबिनी, एक म्हातारा ताजं दूध आणायचा. त्यात आंबेगावच्या डोंगरातले भात लावणारेही असत, पहाटेची एसटी पकडून आलेले.

"वहिनी, एकदाच पोरीला गॅलरीत आणा."

"अहो, ती पाणी मागतेय!" इंद्रायणी ओरडायची. "तहान लागलीय तिला!"

"लागू द्या की. एकच बोट केलं ना? दुसरं अर्धं उचललं व्हतं का नव्हतं, तेवढं सांगा."

आकडा लागला की तालुकाभर बोभाटा व्हायचा. हुकला तर म्हणायचे, आपल्यालाच नीट कळलं नाही, पोरीचं काही चुकलं नाही. इंद्रायणीनं पडदे लावले. मग पोरीला मागच्या खोलीत हलवलं, तर माणसं मागच्या उसात उभी राहिली. तिनं थंडीच्या नावाखाली लोकरीचे मोजे विणून प्राचीच्या हातात घातले. पोरीनं ते दातांनी ओढून काढले आणि ज्या आईनं बोटं शिकवली ती बोटं का झाकतेय, हे न कळून रडत बसली. तिला समजावणार कसं? समजावायला इंद्रायणीजवळ तरी ती चार खुणांची भाषा सोडून दुसरं काय होतं?

ती सावळेरामला म्हणाली, "तुम्ही हे थांबवा. तिनं दाखवलेला आकडा कुणी लावायला आला तर घेऊ नका."

"खुळी का तू? मी पोरीचा आकडा बंद केला तर लोक म्हणतील, सावळेराम भ्याला, म्हंजे पोरगी खरी. मग तर झोपू देणार न्हाईत."

"मग धंदा बंद करा."

"दोनशे घरांची चूल माझ्यावर पेटती. तुझा भाऊ मंचरच्या दुकानात बसतो, त्याच्या घराचा स्लॅब कुणी टाकला? मी बंद केलं तर उद्या दुसरा कुणी टपरी टाकंल. लोक लावायचे थांबणार न्हाईत."

हे बोलणं सहा वर्षांत कितीदा झालं असेल. दरवेळी ते त्याच ठिकाणी येऊन थांबायचं.

दोन हजार तीनच्या वैशाखात निरगुडसरला देवळाचा कळस चढवायचा ठरला. कळस सावळेरामचा, मांडव सावळेरामचा, पाच हजार माणसांचं जेवण सावळेरामचं. सकाळी तो म्हणाला, "प्राचीला नटव. आज तिला मांडीवर घेऊन स्टेजवर बसतो."

इंद्रायणी चमकली. सहा वर्षांत त्यानं पोरीला कधी चारचौघांत नेलं नव्हतं. "कशाला? केवढी गर्दी असेल. आणि पंधरा वर्षांच्या पोरीला मांडीवर कसली घेता?"

"माझी लेक हाय. माझ्या कळसाला नको का?"

तिला बरंही वाटलं, हे खरं. बाप पोरीला सगळ्यांदेखत आपली म्हणत होता. तिनं अबोली रंगाचा ड्रेस काढला आणि स्वतः आरतीच्या तयारीला बायकांत गेली. प्राचीला सांभाळायला घरकामाची लंकाबाई होती.

कार्यक्रम लांबला. पाहुणे, सत्कार, फेटे, भाषणं. दोन वाजायला आले तेव्हा सावळेरामशेजारी बसलेल्या प्राचीनं गर्दीत आईला हुडकलं आणि हात उंच करून दोन बोटं दाखवली. इंद्रायणी बायकांतून वाट काढायला लागली. आई येतेय पण पोचत नाही, हे बघून प्राचीनं सगळा पंजा उघडला.

भाषण करणाऱ्याचा आवाजच ऐकू येईना. मांडवातून कुजबूज सरकत गेली, दोन, पाच, पंचवीस, आणि माणसं जेवणाची पंगत सोडून मोटारसायकलींकडे धावली. मोबाइल असलेल्यांनी उसाच्या बांधावर चढून रेंज धरली. संध्याकाळपर्यंत सगळ्या टपऱ्यांवर एकच जोडी होती. जन्मात मटका न खेळलेल्या बायकांनी माणसांकरवी पैसे पाठवले होते.

जोडी लागली एक्याऐंशी.

इंद्रायणीला ते दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्याआधी, निरगुडसरहून परतताना, तिनं लंकाबाईला विचारलं होतं, "पोरीला जेवू का नाही घातलंत वेळेवर? बारा वाजताच भरवायला सांगितलं होतं ना मी?"

लंकाबाई गोंधळली. "शेठच म्हणले की वो, प्रोग्राम झाल्यावर घाला, ड्रेस खराब हुईल म्हणून. मी ताट केलं व्हतं. त्येंनीच उचलून ठेवलं."

सावळेराम दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला तेव्हा इंद्रायणी जिन्यातच उभी होती.

"तिला उपाशी ठेवलंत तुम्ही?"

त्यानं चपला काढल्या. नीट एकाशेजारी एक लावल्या. "तिची बोटं मला कळत न्हाईत असं वाटतं तुला?"

"म्हणजे मुद्दाम?"

"सहा वर्षं लोकांनी तिच्या बोटावर खाल्लं. त्येंची तोंडं एकदा पोळायलाच पायजे व्हती. सगळ्यांची, एकाच दिवशी. आता कोण येईल दारात? तूच म्हणत व्हतीस ना, थांबवा म्हणून?"

तो खरं बोलत होता की त्या एका दिवसात गाठीला लागलेल्या पैशांवर पोरीचं पांघरूण घालत होता, हे तिला तेव्हा ठरवता आलं नाही आणि पुढेही आलं नाही. कदाचित त्यालाही आलं नसेल.

दारात माणसं आली. पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी. चॉकलेटं नव्हती. "शेठनं पोरगी गळाला लावली," फाटकावरून एकजण बाकीच्यांना सांगत होता. दुसरा म्हणाला, "अरे, तीच तर सोय झाली! आता ती दाखवंल त्यो सोडून लावायचा." त्यावर दोघे-तिघे हसलेही. देणं कधी दाबत नाही म्हणून लोक ज्याच्याकडे येत होते, त्याचं नाव त्या आठवड्यात पहिल्यांदा शिवी म्हणून घेतलं गेलं. टपऱ्यांवरची गर्दी मात्र एक दिवसही हटली नाही.

आठव्या दिवशी लंकाबाई कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली आणि दार उघडं राहिलं. प्राची तिच्यामागून बाहेर आली. उसाच्या कडेला एक तरणा माणूस उभा होता. प्राचीनं त्याला एक बोट दाखवलं. त्यानं ते बोट धरलं, "खोटारडे" म्हणाला आणि मागे वाकवलं. लंकाबाईची किंकाळी ऐकून इंद्रायणी धावली तोवर तो उसात शिरला होता. प्राची रडत नव्हती. आपल्या हाताकडे बघत होती.

नारायणगावच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. त्याच संध्याकाळी सावळेरामनं सांगितलं, की पुण्याच्या पलीकडे अशा मुलांची एक चांगली संस्था आहे, त्यानं फोनवर बोलून ठेवलंय. त्याचे डोळे लाल होते.

"मला नाही पाठवायची," इंद्रायणी म्हणाली. "तिला घेऊन मी अवसरीला राहते."

दुसऱ्या दिवशी ती खरंच अवसरीला गेली. भावानं चहा दिला. वहिनी पदराशी चाळा करत उभी राहिली. भाऊ शेवटी म्हणाला, "ताई, तू राहा की, घर तुझंच हाय. पण पोरगी इथं हाय म्हणल्यावर इथंबी माणसं येतील. आन् दाजींच्या शब्दाबाहेर मी कसा जाऊ? मी त्येंच्या दुकानात बसतो." तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्यानं प्राचीसाठी कैऱ्या पिशवीत घालून दिल्या. परतीच्या वाटेवर वारूळवाडीपर्यंत इंद्रायणीनं ओळखीच्या एकेका घराचा विचार केला. कुणाचा मुलगा क्लबवर होता, कुणी पंपावर, कुणी काचेच्या दारांमागे. देवळात जाऊन राहावं म्हटलं, तर पाटीवर त्याचंच नाव.

जूनच्या पहिल्या सोमवारी ते तिघं संस्थेत गेले. जागा स्वच्छ होती, झाडं होती, मुलांच्या अंगावर धुतलेले कपडे होते. नावं ठेवण्यासारखं काही सापडावं म्हणून इंद्रायणीनं मोरीपर्यंत जाऊन पाहिलं. काही सापडलं नाही. पहिले दोन महिने आईबापांनी यायचं नाही, मूल रुळू द्यायचं, असा नियम ऑफिसातल्या बाईंनी समजावून सांगितला. "मी इथे स्वयंपाकाला राहू का?" इंद्रायणीनं विचारलं. बाईंना ती थट्टा वाटली. शेठच्या देणगीतून नवा हॉल व्हायचा होता.

सावळेराम कागदांवर सह्या करत राहिला. एका मावशींनी प्राचीचा चांगला हात धरला आणि तिला जेवणघराकडे नेऊ लागल्या. इंद्रायणी त्यांच्या मागोमाग धावत गेली.

"मावशी, थांबा. तिची एक पद्धत आहे. तहान लागली की ती हाताचं एक बोट..."

मावशींनी वळून तिच्या खांद्यावर हात ठेवला. दमलेली, मायाळू बाई होती ती.

"अहो ताई, काळजी नका करू. इथे सगळ्यांना वेळच्या वेळी पाणी देतात. मागावं लागत नाही."