बंद खिडक्यांतला फवारा

आमच्या घरात छापील कागदाला मान होता. बाबांनी जन्मभर गावोगाव पत्रकं वाटली. मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. छापलं आहे म्हणजे कोणीतरी विचार करून लिहिलं असणार, ही आमची श्रद्धा. एका डब्याने तीच आमच्यावर उलटवली.

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. दादा रंगकाम करायचा. जाम गावच्या चौफुलीवरच्या नव्या हॉटेलात मालकाला काचांवर आतून-बाहेरून ‘आपोआप स्वच्छ होणारा’ लेप हवा होता. म्हणे, उन्हाने मळ सुटतो, पाण्याने वाहून जातो. ओल्या लेपावर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून दादा खिडक्या बंद करून फवारा मारायचा. आठ दिवसांत तो खोकायला लागला.

“दादा, काय आहे त्यात?”

“नॅनो कण. केसापरीस लय बारीक. हे वाच, छापून हाये.”

डब्यासोबतच्या पत्रकावर हसरं बाळ होतं आणि शब्द होते, ‘पूर्णपणे सुरक्षित’. फवारा मारणाऱ्याबद्दल एक ओळ नव्हती.

“तोंडाले दुपट्टा बांधतो ना मी. काऊन डोक्स खाऊन राह्यली?”

मी त्याचा दुपट्टा उन्हात धरला. आरपार रस्ता दिसत होता.

डब्यावरच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा हसला. “मॅडम, जे डोळ्यांना दिसतच नाही, ते काय त्रास देणार?” जंतू तरी कुठे दिसतात! डॉक्टर म्हणाले, खोकला धुळीचा की लेपाचा, सांगता येत नाही.

मग मीच पत्रक लिहिलं. खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून सगळे प्रश्नच झाले. काचेवर वाळलेला लेप वेगळा. हवेत उडालेलं धुकं छातीत गेलं तर? कोणी तपासलं? शेवटी एवढंच: खिडक्या उघडा.

बाबांनी वाचलं. “तुह्याजवळ नुसते प्रश्न हायेत, पोरी. त्यायच्याजवळ उत्तर हाये.”

बाबांनी हे म्हणावं!

झेरॉक्स घेऊन मी जामला गेले. दादाने दोन कागद घेतले आणि चौकटीला फवारा लागू नये म्हणून तिच्यावर चिकटवले. “जाड हाये तुहा कागद. बरा कामी आला.”

माझं डोकं फिरलं. मी सगळ्या खिडक्या धाडधाड उघडल्या. एक ट्रक गेला. ओल्या काचा धुळीने भरल्या.

खोकत खोकत दादाने सगळ्या काचा पुसल्या, खिडक्या लावल्या, आणि पहिल्या काचेपासून पुन्हा फवारा धरला.